बिनबॅटरीचा व्हर्नियर, आठ महिन्यांनंतर

लेथवर कूलंट (कापताना सोडायचं थंड पाणी-तेल) उडून डिजिटल व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं सरकपट्टीचं हत्यार, दोनदा बावचळला, आकडे आपोआप धावायला लागले. वैतागून साधा घेतला: १५० मिमी, लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी. आठ महिने रोज हातात आहे. डिजिटल कपाटात.

पहिले आठ-दहा दिवस वाचायला वेळ लागला, खोटं कशाला सांगू. परवाचंच रीडिंग घ्या. सरकत्या पट्टीचं शून्य वरच्या पट्टीवर २४ च्या पुढे, २५ च्या अलीकडे. मग खालची कुठली रेघ वरच्या रेघेला तंतोतंत जुळते ते बघायचं. ३ या आकड्यापुढची तिसरी जुळली, म्हणजे अठरावी. साईज २४.३६.

यात जादू काही नाही. खाली ४९ मिमीत ५० भाग पाडलेत. एक भाग ०.९८, वरच्या मिलिमीटरपेक्षा ०.०२ ने तोकडा. २४ च्या पुढे उरलेलं अंतर दर रेघेला ०.०२ ने घटत जातं. अठराव्या रेघेला संपलं, म्हणजे ते ०.३६ होतं. मिलिमीटरचा पन्नासावा भाग नुसत्या नजरेनं सांगता येत नाही, पण दोन रेघा एका ओळीत आहेत की तुटल्यात, हे डोळा फार बारीक ओळखतो. पिअर व्हर्निए या फ्रेंच माणसानं ही युक्ती १६३१ मध्ये मांडली. तिला अजून सेल लागलेला नाही.

तक्रारी आहेत. सरकती पट्टी किंचित उचललेली असल्यानं तिरकं बघितलं की भलतीच रेघ जुळल्यासारखी वाटते. ६२०५ बेअरिंगचा (भोक २५ मिमी) शाफ्ट मी घाईत असाच २५.०४ वाचला, वरचे ०.०४ कापले, आणि घट्ट बसायचं बेअरिंग हातानंच सरकून बसलं. जॉब (कापायला घेतलेला तुकडा) भंगारात. (बेअरिंग फिटला मायक्रोमीटरच घ्यायला हवा होता, कबूल.) शिवाय टोकाशी माप घेऊन अंगठा दाबला की सरकता जॉ (माप पकडणारा जबडा) कलतो नि साईज कमी दाखवतो. आमचा हेल्पर चिमटा काढल्यासारखा दाबतो, त्याचं रीडिंग कायम माझ्यापेक्षा कमी. जॉब जॉच्या बुडाशी धरायचा, पट्टीच्या जितका जवळ तितकं बरं.

मध्यंतरी टेबलावरून पडला. जॉ मिटवले की शून्याऐवजी दुसरी रेघ जुळायची, म्हणून आठवडाभर प्रत्येक मापातून ०.०४ वजा करत होतो. मग ट्यूबलाईटसमोर धरला तर फक्त टोक टेकलेलं, बाकी फटीतून उजेड. टोकाला बर (धातूची उठलेली बारीक कड) आली होती! म्हणजे बुडाशी धरलेल्या जॉबमधून मी उगाचच वजाबाकी करत होतो. ऑइलस्टोनवर (घासायच्या दगडावर) दोन हात मारले, शून्य जागेवर आलं. त्या आठवड्याचे जॉब मात्र परत मोजत बसलो.