एनव्हीडीए फुकट मिळतं, पण त्याला वाचायला काय देणार?

लिबरल आर्ट्‌स म्हणजे मुख्यतः वाचन. इतिहास, समाजशास्त्र, साहित्य, थोडं अर्थशास्त्र; दर आठवड्याला प्रकरणंच्या प्रकरणं. पुण्यात असे अभ्यासक्रम चालवणारी छोटी कॉलेजं माहितीपत्रकात ‘सर्वसमावेशक’ हा शब्द हमखास छापतात, शेजारी रॅम्पचा फोटो असतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याची अडचण सुरू होते ती रॅम्प चढून वाचनालयात पोचल्यावर. तिथे उपाय म्हणून पहिलं नाव निघतं एनव्हीडीएचं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्या छोट्या कॉलेजला ते कितपत पुरतं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. सॉफ्टवेअरला पाचापैकी चार गुण सहज. उरलेला सगळा मामला फाइलींचा आहे.

एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर: पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या, स्वतः दृष्टिहीन असलेल्या प्रोग्रामरने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. मुदत नाही, किती संगणकांवर टाकायचा याला मर्यादा नाही. जॉज हा जुना आणि नावाजलेला पर्याय विकत घ्यावा लागतो. परवाना नसेल तर एका वेळी ४० मिनिटं चालतो, मग संगणक बंद करून पुन्हा चालू करा. चार संगणकांच्या वाचनालयाने त्या वाटेला जायचं कारण नाही.

बसवायला पंधरा मिनिटं पुरतात. पण संगणकाचा पासवर्ड सिस्टीमवाल्याकडे असतो आणि तो रजेवर, म्हणून पेनड्राइव्हवरच्या पोर्टेबल प्रतीवर भागवलं जातं. ही प्रत लॉगिनच्या पडद्यावर बोलत नाही, आणि विंडोज परवानगी विचारतं त्या चौकटीतही गप्प राहते. म्हणजे विद्यार्थ्याला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. नीट इन्स्टॉलच करा आणि लॉगिनलाच सुरू होण्याची सोय चालू ठेवा. कीबोर्ड पूर्ण आकाराचा घ्या, उजवीकडे आकड्यांची बटणं असलेला: ७-८-९ ने ओळी, ४-५-६ ने शब्द, १-२-३ ने अक्षरं तपासता येतात. सुटसुटीत दिसतात म्हणून आणलेल्या छोट्या कीबोर्डांवर ही सोय जाते. एका जॅकचे दोन करणारा स्प्लिटर आणि दोन हेडफोनही ठेवा; शिकवणाऱ्याला तेच ऐकू आलं नाही तर शिकवणार काय?

आता मराठी. इन्सर्ट-कंट्रोल-एस दाबून ईस्पीक एनजी हे मजकूर बोलून दाखवणारं इंजिन निवडायचं, मग इन्सर्ट-कंट्रोल-व्ही दाबून आवाज मराठी करायचा. पहिल्यांदा ऐकणारे प्राध्यापक तोंड वाकडं करतात. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, हे खरंच. पण सरावलेला श्रोता तो भरभर वेगात लावतो आणि त्या वेगातही ईस्पीकचे शब्द सुटे ऐकू येतात. विंडोजमधला हिंदी आवाज गोड आहे, मात्र मराठी शब्द हिंदी वळणाने उच्चारतो. ‘चालतंय की’ म्हणून तो लावून देऊ नका. एज ब्राउझरमधले आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज सगळ्यांत नैसर्गिक, पण त्यांना इंटरनेट लागतं आणि ते पान वाचून दाखवण्यापुरतेच. संगणक चालवायला उपयोगी नाहीत. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतल्या झ चा फरक ईस्पीककडून मागू नका. ऐकणारा तो आपसूक दुरुस्त करून घेतो.

जुन्या पुस्तकांचा त्रास वेगळाच. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले, पण त्याआधीच्या छपाईत ‘केलें’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे ते पानोपानी असतात. यंत्र प्रत्येक टिंब इमानाने नाकात उच्चारतं. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याचा इतिहास शिकवणार असाल, तर हे आधी सांगून ठेवा.

खरी अडचण यानंतरची. विभागात वर्षानुवर्षं साठलेल्या मराठी नोट्स अनेकदा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नसतात. श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी योगेशसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात असतं भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि एनव्हीडीए पोटातलं वाचतं. (यातले काही फॉन्ट पुण्यातच घडले, हा योगायोग.) ओळखायची सोपी युक्ती: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा दिसला तर त्या नेमक्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करा, आणि रूपांतरानंतर रफार व पहिली वेलांटी हटकून तपासा. त्या जागा बदलतात.

स्कॅन केलेली पीडीएफ तर फक्त चित्र असते. एनव्हीडीएला तिथे मजकूरच सापडत नाही. इन्सर्ट-आर दाबलं की विंडोजचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी सोय, चालतं, इंग्रजीला ठीक, पण त्यात देवनागरी नाही. मराठीसाठी टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामची मराठी फाइल वापरा, किंवा ती पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्स म्हणून उघडा. दोन्हींचा निकाल स्कॅनवर अवलंबून: ३०० डीपीआय, पान सरळ, दोन पानं एकत्र नकोत. उघडं पुस्तक काचेवर दाबलं की बांधणीकडच्या ओळी वाकतात आणि तिथलेच शब्द सडतात. पुस्तक बाजारात मिळण्यासारखं असेल तर अप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत घ्यावी, बाइंडरकडून पाठ कापून घ्यावी आणि सुटी पानं फीडरमधून सोडावीत. २४० पानांचे १२० कागद; फोटोकॉपीवाल्याच्या मशीनवरही होतात.

त्यानंतर माणूस बसवावाच लागतो. ओसीआर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ करतं आणि सह्याद्रीत समुद्र येतो. तळटीप वाक्याच्या मधे घुसते. मथळ्यांना वर्डमधली हेडिंग शैली द्या, म्हणजे फाइल ब्राउझ मोडमध्ये (एनव्हीडीएच्या फक्त वाचायच्या पद्धतीत) वाचताना एच दाबून प्रकरणं ओलांडता येतात. छापील पानाचा क्रमांक पुसू नका, प्रत्येक पानाच्या सुरुवातीला लिहा; निबंधात संदर्भ देताना विद्यार्थ्याला तोच लागतो. हे काम ‘कमवा आणि शिका’तल्या मुलांना तासावर देता येतं, पण सत्र सुरू व्हायच्या महिनाभर आधी यादी हातात हवी. प्राध्यापक वाचनयादी आदल्या रात्री पाठवत असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही.

‘कॉपीराइटचं काय?’ हा प्रश्न ग्रंथपाल विचारतातच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रत बनवायला, नफा न घेता, मुभा आहे. स्कॅनिंगला हात लावण्याआधी सुगम्य पुस्तकालय या सुलभ पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. कुणीतरी तेच पुस्तक आधीच केलेलं असू शकतं.

गूगल डॉक्समध्ये काम द्यायचं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-झेड दाबून स्क्रीन रीडरची सोय चालू करायला शिकवा, नाहीतर ‘लिहिलेलं ऐकू येत नाही’ ही तक्रार येणारच. मराठी टंकायला इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी बरी: एक बटण, एक अक्षर, आणि जे दाबलं तेच कानावर येतं. उच्चारी कीबोर्ड सुचवण्यांची यादी दाखवतात, ती ऐकत बसण्यात वेळ जातो.

परीक्षेत लेखनिकाऐवजी संगणक मागता येतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, आणि संगणक एक दिवस आधी तपासू द्यायचा असतो. त्या तपासणीत तीन गोष्टी बघाव्यात: आवाज मराठीवर आहे का, प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आहे का, आणि तिथल्या हेडफोनचा जॅक ढिला तर नाही ना.