१३ एमएम इम्पॅक्ट ड्रिल: मशीन चांगलं, वायर भिकार

कंपनीचं नाव लिहीत नाही. ६०० वॉटचं, उलट-सुलट फिरणारं, चावीच्या चकचं (बिट पकडणाऱ्या तोंडाचं) नेहमीचं इम्पॅक्ट ड्रिल आहे, किंमत साडेतीन हजारांच्या घरात. एक पावसाळा आणि एक हिवाळा काढून ते बंद पडलं. मोटर ठणठणीत, गिअर ठणठणीत. तुटली ती वायर, आणि तीही मुठीतून बाहेर येते तिथेच, रबरी बुटाच्या (वायरवरच्या रबरी नळीच्या) तोंडाशी. वरचं आवरण धडधाकट, आतली तांब्याची तार तुटलेली.

कारण साधं आहे. वायर जेमतेम दोन मीटर. सॉकेट स्विचबोर्डवर आणि भोक पडद्याच्या रॉडसाठी आठ फुटांवर, म्हणजे स्टुलावर उभं राहिलं की वायर ताणली जाते आणि बुटाशी काटकोनात वाकते. त्यात ती स्वस्तातली पीव्हीसी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पारा दहाच्या खाली गेला की ती काठीसारखी ताठ होते. काम झाल्यावर बहुतेक जण मशीनला वायर गुंडाळून ठेवतात, म्हणजे पुन्हा त्याच जागी मुरड. तार तुटायला आणखी काय लागतं?

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मशीन न उघडता, मल्टिमीटर न लावता निदान झालं: "स्विच गेलाय, काका." स्विचचे नऊशे, मजुरी वेगळी. वॉरंटी विचारली तर वायर आणि कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) "झिजणाऱ्या भागात" येतात म्हणे. मग स्विच कशात येतो, याचं उत्तर मिळालं नाही. लांब वायर का देत नाही, तर व्होल्टेज पडतं! हिशोब करा. ६०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला २.६ अँपिअर. १ चौरस मिमीची पाच मीटर वायर, जाऊन-येऊन दहा मीटर तांबं, रोध साधारण ०.२ ओहम. पडणारं व्होल्टेज अर्धा व्होल्ट. संध्याकाळी लाइनचं व्होल्टेज यापेक्षा कितीतरी जास्त खाली-वर होतं. वाचतात ते तीन मीटर वायरचे पैसे.

बंद पडलेलं ड्रिल दुकानात नेण्याआधी घरीच ओळखता येतं. वायर एका विशिष्ट कोनात धरली की चालू आणि सोडली की बंद, तर वायर तुटलीय. हाताने चक थोडा फिरवल्यावर किंवा बॉडीवर टिचकी मारल्यावर चालू होत असेल आणि मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील, तर कार्बन संपलेत. ट्रिगर जरासा दाबताच थेट पूर्ण वेग येत असेल, हळू चालतच नसेल, तर स्विचमधलं इलेक्ट्रॉनिक्स शॉर्ट झालंय. तेव्हा मात्र स्विच बदलण्यावाचून इलाज नाही.

मीटर लावताना एक पथ्य. प्लगच्या दोन पिनांवर मीटर लावून ट्रिगर दाबायचा, ही पद्धत वेग कमी-जास्त होणाऱ्या ड्रिलवर भरवशाची नाही. मधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे चांगला स्विचही 'उघडा' दिसू शकतो. बहुधा यामुळेच बरेच स्विच विनाकारण बदलले जात असावेत. मूठ उघडून प्लगची एक पिन ते स्विचचं एक टर्मिनल अशी एकेक तार तपासा आणि तपासताना बुटाजवळ वायर हलवा. एक ओहमच्या आत स्थिर आकडा हवा. तो उड्या मारला की चोर सापडला.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. प्लग काढून ठेवा. मशीन डाव्या कुशीवर झोपवून सगळे स्क्रू काढा आणि उजवं कवच सरळ वर उचला. तिरकं उचललं तर हॅमर-ड्रिल बदलणाऱ्या खटक्याची स्प्रिंग उडते आणि मग ती शोधत बसा. तारांचा फोटो काढून घ्या. स्विचजवळ कपॅसिटरच्या दोन तारा असतात, त्याच हमखास चुकतात. वायर आवळून धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू सैल करा. बऱ्याच स्विचना स्क्रूचं टर्मिनल नसतं, तार नुसती आत खोचलेली असते. शेजारच्या बारीक फटीत सुई घातली की ती सुटते. असल्या टर्मिनलमध्ये नवी तार खोचताना टोक आठ मिमी सोलून, पिळून, त्यावर हलकं सोल्डर चढवा. स्क्रूचं टर्मिनल असेल तर सोल्डर नको. दाबाखाली ते कालांतराने सरकतं, जोड सैल पडतो आणि तापतो. तिथे फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची छोटी नळी) लावा.

पट्टी वायरच्या बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे. आतल्या दोन तारांवर बसली तर दोन महिन्यांत पुन्हा तेच. जुना बूट वापरता येतो.

वायर दोन कोअर, १ चौरस मिमी, बारीक तारांची, रबरी आवरणाची, पाच मीटर घ्या. मशीन डबल इन्सुलेशनचं आहे (पाटीवर चौकोनात चौकोन), त्यामुळे अर्थिंगची तिसरी तार लागत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या दुकानांत वायर मीटरवर मिळते. प्लग धरून सगळा खर्च चारशेच्या आत. नवं मशीन घेणाऱ्यांनी दुकानातच बुटाजवळ वायर बोटाने वाकवून सोडावी. सैल पडली तर ठीक. ताठ उभी राहिली तर वायरचे चारशे रुपये बजेटमध्ये आधीच धरा.

आता मशीनबद्दल. ट्रिगरवरचं वेगाचं चाक सुरुवातीला शोभेचं वाटलं होतं, ते मत बदललं आहे. लोखंडाला ते लागतंच. साध्या लोखंडात एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटसाठी कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास धरला, तर ३ मिमी बिटला मिनिटाला सुमारे २६०० फेरे चालतात, पण १० मिमीला फक्त ८००. मशीनचा पूर्ण वेग २८००. लोखंडी अँगलमध्ये १० मिमीचं भोक पूर्ण वेगात पाडायला गेलं की धार निळी पडते आणि बिट कामातून जातो. चाक कमीवर, आधी सेंटर पंचने ठोकून खळगा, मग ४ मिमी, मग १०. थोडं तेल. लांब कीस निघाला की वेग बरोबर, नुसती पूड उडाली तर बिटला धार नाही. चकबद्दलचं मतही बदललं आहे: चावी तिन्ही भोकांत फिरवून आवळली तर गोल दांड्याचा बिट घसरत नाही. कार्बन बाहेरून झाकण काढून बदलता येतात, हे फार बरं. पाच-सहा मिमी उरले की जोडीनेच बदला आणि दोन-तीन मिनिटं नुसतं चालवा, म्हणजे बसतात.

भिंतीत वीटकामाला हॅमर मोड. पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींत एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा) असेल तर हॅमर बंदच ठेवा, नाहीतर भोक तोंडाशी पसरतं आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) फिरत राहते.

आरसीसी बीम ही मात्र या मशीनची हद्द. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची. बिट खडीवर गेला की भोक पुढे सरकत नाही, आणि जोर लावत राहिलं की टोकाच्या कार्बाइडचा जोड तापून निसटतो. बिट बाहेर काढा, टोकदार छिन्नीने दोन-चार ठोके देऊन तो दगड फोडा, मग पुढे. असली भोकं दहा-बारा असतील तर एसडीएस (खाचांच्या दांड्याचे बिट घेणारा) रोटरी हॅमर दिवसाच्या भाड्याने आणा. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर आपटतात आणि जोर तुमच्या खांद्यातून येतो. रोटरी हॅमरमध्ये ठोका हवेच्या दाबाने बसतो, हात फक्त धरायला.

बॉक्समध्ये शंभर वस्तूंचं किट घालून हजारभर जास्त घेतात, त्या वाटेला जाऊ नका. त्यातले बिट लाकडापुरते, पाने पहिल्याच गंजलेल्या नटवर फाकतात. नुसतं मशीन घ्या. वेगळे घ्यायचे ते ६ आणि ८ मिमीचे भिंतीचे बिट दोन-दोन, ३ ते ६ मिमी चांगले एचएसएस आणि एक १०चा. भोकाची खोली गिट्टीपेक्षा पाच-दहा मिमी जास्त ठेवा, कारण तळाशी पूड साचते. साइड हँडलमधली सळई त्या मापावर आवळून ठेवली की दर वेळी मोजावं लागत नाही.