एफवायच्या पोरांना दाखवलेला 'लर्निंग हाऊ टू लर्न'

मी एफवायला फिजिक्स शिकवतो. दरवर्षी पहिले चार तास सिलॅबसला हात लावत नाही. "शिकणं म्हणजे नक्की काय करता?" एवढंच विचारतो. उत्तर ठरलेलं : वाचतो, खुणा करतो, परत वाचतो. यंदा माझी बडबड आवरती घेतली आणि कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा 'लर्निंग हाऊ टू लर्न' हा कोर्स प्रोजेक्टरवर लावला.

कोर्स २०१४ चा, चार आठवड्यांचा. शिकवतात बार्बरा ओकली आणि मेंदूशास्त्रज्ञ टेरेन्स सेजनोव्स्की. ओकलीबाई शाळेत गणितात नापास होत आलेल्या. पुढे अमेरिकेच्या सैन्यात रशियन शिकल्या, बेरिंग समुद्रात सोव्हिएत मासेमारी जहाजांवर दुभाषी होत्या आणि सव्विसाव्या वर्षी बीजगणित पहिल्यापासून धरलं. नंतर इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक झाल्या. बारावीच्या गणितात जेमतेम सुटलेली मागच्या बाकावरची पोरं इथे पहिल्यांदा सरसावून बसली.

एकाग्र मन आणि सैल सोडलेलं मन यांतला फरक त्या पिनबॉलवरून समजावतात. आमच्याकडे पिनबॉल कोणी बघितलाय? मी व्हिडिओ थांबवला आणि जत्रेतली खिळे ठोकलेली पाटी आठवायला सांगितली, जिच्यावरून गोटी सोडतात. गोटी म्हणजे विचार. खिळे दाटीने असले तर गोटी तिथल्या तिथे आपटत राहते, ते एकाग्र मन; विरळ असले तर लांबवर जाते, ते सैल सोडलेलं. लगेच कळलं.

खरा माल दुसऱ्या आठवड्यात आहे. पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असा भास होतो. पुस्तक मिटून आठवून बघितलं तरच खरं काय ते कळतं, असं त्यात सांगितलंय. पहिल्या बाकावरच्या एका मुलीची वही मी बघितली. न्यूटनच्या नियमांचं अख्खं पान हिरव्या हायलायटरने रंगवलेलं, कोरी ओळ औषधालाही नाही. म्हटलं, मिटव आणि कागदावर लिही. दोन ओळी आल्या. तिच्यावर हसणाऱ्यांनाही तेवढ्याच आल्या.

मग माझीच पाळी. खाली निघालेल्या लिफ्टमधल्या माणसाचं वजन मी आदल्या दिवशी फळ्यावर झकास समजावलं होतं, सगळ्यांनी "हो सर" म्हणून माना डोलावल्या होत्या. तेच कोऱ्या कागदावर लिहायला लावलं. निम्म्या वर्गाने कमी भरणारं वजन वाढवून ठेवलं! वीस वर्षं मी "समजलं का?" विचारतोय.

आता तक्रारी. आठवून लिहा म्हणून सांगणारा हा कोर्स स्वतः परीक्षा घेतो ती पर्यायांवर टिकमार्क करून. वर्गातल्या एकाने व्हिडिओ न बघताच निम्मे बरोबर आणले. इंग्रजी सोपं आहे, तरी दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांसाठी दर दोन मिनिटांनी थांबावं लागतं. तासाभराच्या व्हिडिओंना दोन तास गेले. आणि शिकायचं कसं ते इथे मिळतं. काय शिकण्याजोगं आहे, ते ठरवतं कोण, मास्तर कशाला लागतो, यावर जवळपास काही नाही. ते प्रश्न मला परत फळ्यावर लिहावे लागले, आणि वाद तिथेच रंगला.

पहिले दोन आठवडे जरूर दाखवा. तिसऱ्यातलं चालढकलीवरचं घ्या. पंचवीस मिनिटं फोन लांब ठेवून बसायची युक्ती हॉस्टेलच्या पोरांनी लगेच उचलली. चौथा नाही बघितला तरी चालेल. सर्टिफिकेटाचे पैसे वेगळे, मी भरले नाहीत.