बीपीवाल्यांनी घ्या, इन्सुलिनवाल्यांनी थांबा

साखर, बीपी, वजन आणि गोळ्यांच्या वेळा नोंदवायचं एक ऑनलाइन साधन सध्या आमच्या बिल्डिंगमध्ये फिरतंय. फोनवर चालतं, कॉम्प्युटरवरही चालतं. अजून चाचणीच्या टप्प्यात आहे म्हणून नाव लिहीत नाही. मी महापालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे असलं काही आलं की ते माझ्याच गळ्यात पडतं. मत आधीच सांगून टाकते: तब्येत ठीक असेल तोवर हे झकास चालतं, बिघडली की हात वर करतं.

भाची ऐरोलीला एका कंपनीत युजेबिलिटी टेस्टिंगचंच, म्हणजे एखादं साधन माणसांना वापरायला जमतं का ते तपासायचंच काम करते. ती म्हणाली, मावशी, बघायचंच आहे तर नीट बघ. समोरच्याच्या हातात फोन द्यायचा, एक काम सांगायचं, मनात येईल ते मोठ्यानं बोलायला लावायचं आणि आपण गप्प बसायचं. माणसं पाच पुरेत. जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञानं २००० साली हा हिशेब मांडला होता, पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी वर येतात. ठाण्यात चरईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये शुगरवाले पाच जण जमवायला जिनासुद्धा उतरावा लागला नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, सकाळची उपाशीपोटीची साखर भरा, १४२. काकांच्या फोनला मराठी कीबोर्ड. त्यांनी मराठी आकड्यांत १४२ लिहिलं आणि चौकट लाल झाली, ‘वैध संख्या भरा’. पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "जास्त आहे म्हणून घेत नाही का हो?" अख्खं साधन मराठीत, बटणं मराठीत, आणि आकडे मात्र इंग्रजीच हवेत! मराठी आकडे ओळखून घेणं हे प्रोग्रामरचं अगदी किरकोळ काम आहे, असं भाची म्हणते.

कॉम्प्युटरवर तर आणखी मजा. तिथे साखरेचं एकक मुळातच एमएमओएल (लिटरमागे मिलिमोल, परदेशात चालणारं माप) धरलेलं. आपल्या लॅबचा रिपोर्ट येतो एमजीमध्ये, म्हणजे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये. आपले १४२ म्हणजे एमएमओएलमध्ये ७.९, १८ ने भागायचं. हे सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं, पण सेटिंगमध्ये जायचं हे कळणार कुणाला?

बीपीचा भाग मात्र मनापासून आवडला. आकडा भरण्याआधी पाच मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, पायावर पाय नको, दंड छातीच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा झालाय का, तेही विचारतं. मग एका मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा मोजायला लावतं. दवाखान्यात माणसं जिना चढून धापा टाकत यायची आणि खुर्चीत टेकायच्या आत हात पुढे करायची. त्यांना हेच सांगून माझा घसा बसायचा. या भागाला पैकीच्या पैकी.

आता मुख्य गोष्ट. समोरच्या वहिनी इन्सुलिन घेतात. त्यांना मुद्दाम ६२ भरायला सांगितलं. ७० च्या खाली म्हणजे साखर उतरली, तिथे एक सेकंद घालवायचा नसतो. या साधनानं काय करावं? वरच्या कडेला बारीक नारिंगी पट्टी, ‘तुमची नोंद उद्दिष्टापेक्षा कमी आहे. अधिक जाणून घ्या.’ अक्षरं पांढऱ्यावर फिकट करडी. त्यावर बोट ठेवलं तर पुन्हा लॉगिन, आणि ओटीपी जाणार मुलाच्या नंबरवर. मुलगा ऑफिसात, महाप्याला! तो मीटिंगमधून बाहेर येऊन आकडे सांगणार, मग एक लांबलचक लेख उघडणार आणि १५ ग्रॅम साखर घ्या हे त्याच्या पार तळाशी. वहिनी म्हणाल्या, "ताई, तेव्हा माझे हात थरथरत असतात, घामानं बोट उमटत नाही. मी हे वाचत बसू?"

तिथे मोठ्या अक्षरांत तीनच ओळी हव्यात. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल तर जबरदस्तीनं पाजू नका, दवाखान्यात न्या. आणि खाली घरच्या माणसाला फोन लावायचं एक बटण. बरं, गोळ्यांची यादी आपण आधीच भरलेली असते. शुगरच्या गोळ्यांपैकी नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर अशी सहसा उतरत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या गोळीवाल्यांची उतरते. म्हणजे धोका कुणाला आहे हे त्याला ठाऊक आहे, तरी सगळ्यांना तीच पट्टी.

गोळ्यांची आठवण वेळेवर येते. डॉक्टरांना पाठवायचा रिपोर्ट रंगीत आणि पानंच्या पानं आहे. राम मारुती रोडवरच्या गर्दीच्या दवाखान्यात तो कोण उलटणार? एका पानाचा तक्ता द्या.

शेवटी भाचीनं दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. साधन वापरायला किती सोपं वाटलं ते मोजायची, जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केलेली ही प्रश्नावली, गुण शंभरात मोजायचे, सरासरी ६८ धरतात. चौकटीशी झटून थकलेल्या काकांनी सगळीकडे उत्तम लिहिलं. का, तर "पोरांनी मेहनत केलीय, वाईट कसं म्हणायचं?" कंपनीनं नुसते असे कागद गोळा केले असतील तर त्यांना सगळं आलबेलच दिसणार. काकांचं बोट कुठे अडलं ते शेजारी बसून बघावं लागतं.

फक्त बीपी असेल तर खुशाल वापरा. इन्सुलिनवाल्यांनी तूर्त वहीच बरी. ही सगळी यादी भाचीमार्फत कंपनीला पाठवली आहे. नवी आवृत्ती आली की वहिनींना परत ६२ भरायला लावणार, बाकीचं नंतर बघू.