तेजस, एचएफसीएल की एसटीएल? कराराच्या कुजबुजीवर शेअर घेण्याआधी

"अमक्याशी बोलणी चालू आहेत म्हणे," एवढं कानावर येईपर्यंत ब्रॉडबँडच्या शेअरचा भाव पळालेलाही असतो. या कुजबुजीतली मोठी नावं ठरलेली आहेत: टाटा, जिओ, बीएसएनएल, आणि अलीकडे उपग्रहातून इंटरनेट देणारी स्टारलिंक व अमेरिकेतले डेटा सेंटरवाले. त्यांच्या नावावर हलणारे शेअरही बहुतेक वेळा तीनच असतात. दूरसंचाराची उपकरणं बनवणारी बंगळुरूची तेजस नेटवर्क्स, सोलनच्या कारखान्यापासून सुरू झालेली एचएफसीएल आणि आपल्या पुण्याची स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, म्हणजे एसटीएल. यांतली एक निवडायची असेल तर मी आधी एवढंच बघतो, की भागीदारी खरोखर झाली तर पैसा कोणाच्या खात्यात पडणार.

हे बघणं का गरजेचं आहे, ते ११ जून २०१० च्या एका व्यवहारात दिसतं. वायरलेस ब्रॉडबँडच्या लिलावात इन्फोटेल ब्रॉडबँड या फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीने १२,८४८ कोटी रुपयांना देशभरातलं स्पेक्ट्रम जिंकलं, आणि त्याच दिवशी रिलायन्सने सुमारे ४,८०० कोटी घालून तिचा ९५ टक्के हिस्सा घेतल्याचं जाहीर केलं. आजची जिओ त्यातूनच उभी राहिली. इन्फोटेल होती एचएफसीएलच्या नाहटा कुटुंबाची, पण ती एचएफसीएलची उपकंपनी नव्हती. सोयरीक घरच्यांची झाली आणि भागधारक मांडवाबाहेर राहिले. तरीही "नाहटा म्हणजे रिलायन्स" हे समीकरण बाजाराच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

त्यामुळे तिघींपैकी सर्वांत जास्त अफवा एचएफसीएलच्या वाट्याला येतात. त्यात तिचा इतिहासही तसाच आहे. शेअर घोटाळ्यात अडकलेला दलाल केतन पारेख याच्या लाडक्या 'के-१०' शेअरांत ती होती. २००० साली चढलेला आणि त्यानंतर कोसळलेला तो भाव जुन्या लोकांना आठवत असेल. मात्र कंपनी पोकळ नाही. ऑप्टिकल फायबर, केबल, वाय-फायची उपकरणं, दूरसंचार जाळी उभारण्याची कंत्राटं असा खराखुरा धंदा आहे, आणि रिलायन्स समूह तिचं गिऱ्हाईकही आहे. परंतु २०२३-२४ मध्ये साधारण ४,४६५ कोटी असलेली उलाढाल २०२४-२५ मध्ये ४,०६५ कोटींवर आली आणि नफा जवळपास अर्ध्यावर आला. सरकारी कंत्राटांत काम आज होतं आणि पैसे सावकाश येतात, म्हणून इथे ऑर्डर बुकच्या (हातात असलेल्या कामांच्या) मथळ्यापेक्षा ताळेबंदातली येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे बाकी पैसे, आधी वाचावीत. प्रवर्तकांचे किती शेअर कर्जासाठी तारण आहेत, तेही दर तिमाहीला बघावं.

तेजसची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथली भागीदारी अफवा राहिली नाही. जुलै २०२१ मध्ये टाटा समूहाने २५८ रुपये दराने नियंत्रक हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये टीसीएसकडून बीएसएनएलच्या एक लाख ४जी-५जी टॉवरसाठी ७,४९२ कोटींचं काम मिळालं. ज्याची वाट प्रत्येक सट्टेबाज बघतो, ते सगळं इथे घडलं. उलाढाल एका वर्षात २,४७१ कोटींवरून ८,९२३ कोटींवर गेली आणि २०२४ च्या मध्यावर भाव दीड हजाराच्या आसपास पोचला. पुढे माल पोचवून झाला, नवी तेवढी मोठी ऑर्डर आली नाही. एप्रिल-जून २०२५ च्या तिमाहीत उलाढाल फक्त २०२ कोटी होती आणि तोटा १९४ कोटी. शेअरही शिखरापासून निम्म्याहून खाली गेला. भागीदार खरा, ऑर्डर खरी, तंत्रज्ञान देशी आणि चालणारं. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन केलं, त्या जाळ्यात तेजसचीच उपकरणं आहेत. तरीही ज्यांनी शिखरावर घेतले, ते अडकले. गिऱ्हाईक एकच असेल तर असंच होतं. बीएसएनएलच्या आणखी १८,६८५ टॉवरांच्या कामात तेजसचा वाटा सुमारे १,५२६ कोटींचा आहे. आधार म्हणून ठीक, पण गिऱ्हाईक तेच.

एसटीएल मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्र्याला तिचे कारखाने आहेत. काचेच्या प्रीफॉर्मपासून (ज्या कांडीतून फायबर ओढतात तिच्यापासून) तयार केबलपर्यंत सगळं स्वतः करणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत आणि ही त्यांतली एक. इथली कुजबुज अमेरिकेकडची असते: एआयच्या डेटा सेंटरांना फायबर हवं आहे, मोठा करार येतोय. त्यात तथ्य आहे. २०२४ मध्ये लुमेन या अमेरिकी दूरसंचार कंपनीने फायबर बनवणाऱ्या कॉर्निंगच्या जागतिक क्षमतेचा १० टक्के भाग स्वतःसाठी राखून घेतला, म्हणजे मागणी काल्पनिक नाही. पण फायबर हा शेवटी मालाच्या भावाचा धंदा आहे. २०१९ मध्ये चीनमधली मागणी थंडावली तेव्हा जगभर भाव आपटले आणि एसटीएलला त्याची झळ बसली. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये प्रिस्मियन या प्रतिस्पर्धी केबल कंपनीने केलेल्या दाव्यात अमेरिकी ज्युरीने तिच्या तिथल्या उपकंपनीला ९.६५ कोटी डॉलरचा दणका दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लागलं, तेव्हा तिचा तिथला साउथ कॅरोलायनातला कारखाना उपयोगी पडला असेल, सगळा भार मात्र तो पेलू शकत नव्हता. कंपनी २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी दोन्ही वर्षं तोट्यात होती. चार्ट बघताना एक सांभाळा: एप्रिल २०२५ मध्ये सेवा व्यवसाय वेगळा होऊन एसटीएल नेटवर्क्स झाली, त्यामुळे तिथे दिसणारी घसरण ही सगळी घसरण नव्हे.

स्टारलिंकचं काय? मार्च २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ यांनी एका दिवसाच्या अंतराने स्टारलिंकची मालक असलेल्या स्पेसएक्सशी करार जाहीर केले. ते मुख्यतः स्टारलिंकची उपकरणं आणि सेवा विकण्याचे आहेत. त्या बातमीवर या तिघींपैकी कुणाचा शेअर घेण्याचं कारण मला दिसत नाही.

अफवेची शहानिशा करण्याची सक्तीही सगळ्यांना सारखी नाही. शेअर बाजाराची नियामक सेबी हिच्या नियमानुसार बातमीमुळे भावात लक्षणीय हालचाल झाली, तर बाजारमूल्याने वरच्या २५० कंपन्यांना २४ तासांत खरं-खोटं सांगावं लागतं. जून २०२४ मध्ये हे पहिल्या १०० कंपन्यांपासून सुरू झालं आणि डिसेंबर २०२४ पासून २५० पर्यंत वाढलं. २०२५ मध्ये एसटीएल त्या यादीच्या बरीच खाली होती. टेलिग्रामवरच्या टीपवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

मग घ्यायचा कोणता? करार जाहीर होईल या आशेवर आठवडाभराचा खेळ करणारे एचएफसीएलकडेच वळतील, आणि मला तो खेळ नको आहे. तीन-चार वर्षं थांबायची तयारी असेल तर मी तेजस आणि एसटीएल यांच्यातच निवड करीन. अमेरिकेतल्या फायबरच्या मागणीवर आणि कंपनीच्या कर्जफेडीवर विश्वास असेल तर एसटीएल, पण थोडीच. तेजसचं पारडं मला किंचित जड वाटतं, कारण पाठीशी टाटांचा पैसा आहे आणि उपकरणांचं तंत्रज्ञान स्वतःचं आहे. तरी खरेदी मी तेव्हाच करीन, जेव्हा तिमाही निकालात बीएसएनएलबाहेरच्या एखाद्या मोबाइल कंपनीची, देशातली असो वा परदेशातली, रकमेसकट ऑर्डर लिहिलेली दिसेल आणि येणी कमी झालेली असतील.