नवं पबमेड: महिनोन्महिने वापरल्यावर काय आवडलं, काय खटकलं

पबमेडचं रूप बदलून बरीच वर्षं झाली, मग आत्ता रिव्ह्यू कशाला असं कुणीही विचारेल. पण येता-जाता एखादा पेपर शोधणं वेगळं आणि एकाच विषयाचा महिनोन्महिने पिच्छा पुरवणं वेगळं. मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून मेडिसिन डिपार्टमेंटच्या एका सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचं (एका प्रश्नावरचे सगळे पेपर शोधून घेतलेला आढावा) सर्चिंग माझ्याकडे आलंय, विषय विंचूदंश, त्यामुळे या साइटचे कानेकोपरे बघून झालेत. जुनं पबमेडही मी भरपूर वापरलंय, म्हणजे तुलना करायला हरकत नाही.

थोडी पार्श्वभूमी. पबमेड म्हणजे अमेरिकेतल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं वैद्यकीय पेपर शोधायचं मोफत सर्च. १९९६ ला सुरू झालं, १९९७ च्या जूनमध्ये सगळ्यांसाठी फुकट खुलं झालं, तेव्हा उपाध्यक्ष अल गोर यांनी स्वतः सर्च करून दाखवलं होतं (आपल्याकडे मंत्री फीत कापतात, तिकडे सर्च मारतात, असो). त्याआधी हेच काम इंडेक्स मेडिकस या पेपरांच्या छापील सूचीचं होतं, १८७९ पासूनचं, ते छापणं २००४ ला थांबलं. आज पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि सरासरी मिनिटाला दोन-तीन नव्या पडतात. एवढ्या ढिगातून राउंड सुरू व्हायच्या आत एक पेपर पाहिजे असतो आमच्या रेसिडेंटना. "मॅडम, एकच पाहिजे, पण आत्ता."

रीडिझाइन एका रात्रीत आलं नाही. २०१७ मध्ये त्यांनी पबमेड लॅब्स नावाची वेगळी टेस्ट साइट उघडली, तिथे लोकांना नवं रूप वापरू दिलं, फीडबॅक घेतला, कोण कुठे क्लिक करतंय ते बघितलं, आणि मग २०२० च्या मे महिन्यात नवं रूप डिफॉल्ट केलं. जुनं आणखी काही महिने शेजारी चालू ठेवलं. ही पद्धत मला मनापासून आवडली, कारण आपल्याकडे एखादं पोर्टल बदलतं ते सोमवारी सकाळी, आणि सोमवारी सकाळीच कळतं.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे बेस्ट मॅच. पूर्वी सर्च मारला की सगळ्यात नवा पेपर सगळ्यात वर. म्हणजे तुम्हाला एखाद्या औषधावरची मुख्य ट्रायल हवी असेल तर आधी गेल्या आठवड्यातल्या केस रिपोर्टांची रांग पार करा. आता डिफॉल्टला बेस्ट मॅच आहे. त्याची पद्धत त्यांनी २०१८ ला प्लॉस बायॉलॉजी या जर्नलमध्ये छापली आहे. थोडक्यात सांगायचं तर आधी शब्द किती जुळतात त्यावरून यादी लागते आणि मग वरचे ५०० पेपर मशीन लर्निंगने पुन्हा लावले जातात, आणि ते मशीन शिकलंय कशावरून, तर आधीच्या लोकांनी अशाच सर्चनंतर कशावर क्लिक केलं त्यावरून. बहुतेक लोक पहिल्या पानापुढे जातच नाहीत हे त्यांना लॉगमधून दिसलं होतं, मग पहिलं पान सुधारलं. सरळ हिशोब.

आणि रेसिडेंटसाठी हे खरंच चांगलं झालंय. इंग्रजीत स्कॉर्पियन स्टिंग (विंचूदंश), प्राझोसिन (त्यावरचं औषध) एवढं टाकायचं, बस. प्रत्येक निकालाखाली गोषवाऱ्यातल्या, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधल्या एक-दोन ओळी, त्यात तुमचे शब्द ठळक. डाव्या बाजूला वर्षांचा ग्राफ, कुठलंही वर्ष पकडून यादी कमी करा. मोबाईलवर पूर्ण साइट चालते, पूर्वीसारखी वेगळी अर्धवट मोबाईल आवृत्ती नाही. हे आमच्याकडे फार महत्त्वाचं, कारण पीजी लायब्ररीत पीसीवर बसून सर्च करतात हा आता समज आहे फक्त, सगळं चालतं ते वॉर्डमध्ये उभ्या उभ्या फोनवर.

Cite बटणाचंही कौतुक, ते पेपरचा रेफरन्स तयार करून देतं. एएमए, एमएलए, एपीए, एनएलएम असे चार फॉरमॅट तयार मिळतात. थिसिसला रेफरन्सची व्हँकूव्हर पद्धत लागते, त्याला एनएलएम सगळ्यात जवळचं, फक्त शेवटचा पीएमआयडी (पबमेडचा नोंद क्रमांक) काढा आणि लेखक जास्त असतील तर सहानंतर एट अल (आणि इतर) करा. पण पन्नासच्या वर रेफरन्स असतील तर हा उद्योग करू नका, सेंड टू मधून सायटेशन मॅनेजरची फाइल घ्या आणि झोटेरो या रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओढा. दर वर्षी कुणीतरी सगळे रेफरन्स हाताने टाइप करून आणतंच, आणि मग सबमिशनच्या आदल्या दिवशी क्रमांक बदलतात.

आता माझी तक्रार. म्हणजे डिझाइनबद्दलचं मत म्हणा.

हे सगळं ज्या युजरला डोळ्यासमोर ठेवून केलंय तो घाईत असलेला युजर आहे. त्याला उत्तर पाहिजे. माझ्यासारखीला उत्तराआधी हे पाहिजे की मशीनला माझा प्रश्न काय कळला. पबमेड तुम्ही टाकलेले शब्द जसेच्या तसे शोधत नाही, मागे त्याचं भाषांतर होतं, मेश नावाच्या ठरलेल्या विषयशब्दांशी जोडलं जातं. जुन्या पबमेडमध्ये हे भाषांतर निकालांच्या शेजारीच एका चौकटीत दिसायचं. आता त्यासाठी अ‍ॅडव्हान्स्डवर जा, खाली हिस्ट्रीचा तक्ता आहे, त्यात डीटेल्सच्या रकान्यात बारीक बाण आहे, तो उघडा, मग दिसतं की स्कॉर्पियन स्टिंग एकवचनी टाकलं तरी त्याने मेशमधलं अनेकवचनी स्कॉर्पियन स्टिंग्ज घेतलं, शिवाय दोन्ही शब्द सुटे सुटे घेतले, म्हणजे एखाद्या पेपरात विंचू वेगळ्या वाक्यात आणि डंख वेगळ्या वाक्यात असला तरी तो आला. हे चूक नाही, उलट उपयोगीच आहे. पण समोर दिसत नाही म्हणून नव्या मुलांना ते होतंय हेच माहीत नसतं. समोरचं दार घाईवाल्यांसाठी, बाकीच्यांनी मागच्या दाराने या, असा मामला आहे.

आणि विंचवासारख्या विषयात हे मागचं दार टाळताच येत नाही. आपल्या कोकणातला लाल विंचू घ्या. शास्त्रीय नाव इतकी वर्षं बदलत आलंय की पेपरांमध्ये तोच प्राणी बुथस टॅम्युलस, मेसोबुथस टॅम्युलस आणि हल्ली हॉटेंटोटा टॅम्युलस अशा वेगवेगळ्या नावांनी आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंशावरचं काम तुम्हाला माहीत असेलच, १९८२ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं होतं, प्राझोसिनमुळे पुढे कोकणातले मृत्यू किती कमी झाले ते रायगडकरांना विचारा. २०११ ला बीएमजे या जर्नलमध्ये त्यांची ट्रायल आली, नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन अधिक अँटीव्हेनम (विषावरचा उतारा). ती ट्रायल कुठल्याही सर्चमध्ये सहज सापडते, कारण शीर्षकातच सगळं आहे. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातली छोटी पत्रं, टिपणं यांना बहुतेक वेळा अ‍ॅब्स्ट्रॅक्टच नाही, म्हणजे शोधायला फक्त शीर्षक आणि मेश. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाही म्हणजे निकालात खाली दिसायला ओळही नाही, त्यामुळे नजर सरकून जाते. बरं, सॉर्ट बदलून संख्या बदलत नाही, क्रम फक्त बदलतो, हे लक्षात असू द्या. रिव्ह्यू करणाऱ्याने क्रमावर विसंबायचंच नसतं, शेवटपर्यंत जायचं असतं, पानाला २०० निकाल लावून.

लेखकाच्या नावाने शोधताना आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच टाका. पूर्ण नावाने सर्च २००२ पासूनच्या नोंदींवरच चालतो, तोही जर्नलने पूर्ण नाव दिलं असेल तर.

तारांकनाचं म्हणाल, म्हणजे शब्दापुढे * लावून त्याची सगळी रूपं शोधायचं, तर जुन्यात शब्दाच्या पहिल्या ६०० रूपांपर्यंतच मजल जायची, आता ती मर्यादा काढली. छान. पण तारा लावला की मेशचं आपोआप जोडणं बंद होतं हे विसरू नका, आणि स्कॉर्पियनला तारा लावलात तर स्कॉर्पियनफिश पण येतात, म्हणजे विंचूमासा. त्याच्याही काट्याचे केस रिपोर्ट भरपूर आहेत, वाचायला मजा येते, रिव्ह्यूला उपयोग शून्य.

एक गोष्ट मात्र आमच्यासारख्यांसाठीच आली असं म्हणता येईल, ती म्हणजे प्रॉक्सिमिटी सर्च, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. दोन शब्द एकमेकांपासून अमुक शब्दांच्या आत असले पाहिजेत असं आता सांगता येतं. पूर्वी डबल कोटमध्ये वाक्प्रयोग टाकला आणि तो त्यांच्या ठरलेल्या यादीत नसला तर कोट सरळ दुर्लक्षित व्हायचे, आताही होतात, फक्त वर सूचना येते. प्रॉक्सिमिटीला ती यादी लागत नाही, म्हणून यादीत नसलेला वाक्प्रयोग अंतर शून्य देऊन शोधायची युक्ती आहे. तारा मात्र त्यात चालत नाही. आमच्या रिव्ह्यूत हृदयाशी संबंधित शब्द आणि विंचू जवळजवळ असलेले पेपर काढायला हे फार कामी आलं, नाहीतर सुट्या शब्दांनी कचरा खूप येतो.

फिल्टरबद्दल सावध. ह्यूमन्सचा (फक्त माणसांवरचे पेपर ठेवणारा) फिल्टर दिसायला निरुपद्रवी आहे पण तो मेशच्या लेबलवर चालतो. मेडलाइनमध्ये (पबमेडचा मेश लावलेला मुख्य भाग) नसलेल्या, पीएमसीमार्गे (पूर्ण पेपरांचा मोफत संग्रह) पबमेडमध्ये आलेल्या जर्नलांना मेशच लागत नाही, आणि आपल्याकडची कितीतरी जर्नल्स अशीच आली आहेत. म्हणजे तुम्ही ह्यूमन्स टिक केलं की भारतातल्या जिल्हा रुग्णालयातला पेपर गायब आणि परदेशातला जागेवर. विंचूदंशावर काम करताना हे परवडेल का? त्यापेक्षा जे फक्त प्राण्यांवरचे आहेत ते वगळा, अशी उलटी क्वेरी लिहायची. फ्री फुल टेक्स्टचंही तसंच, तो टिक म्हणजे फुकट काय मिळतं ते, चांगलं काय आहे ते नाही. सरकारी कॉलेजवाल्यांना २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या जर्नल योजनेतून बरंच काही उघडतं, ते या फिल्टरला थोडंच माहीत असणार.

आणखी बारीकसारीक. स्क्रीनवर निकाल पहिले १०,००० च दिसतात. क्लिपबोर्डमध्ये (निवडलेले पेपर तात्पुरते ठेवायची जागा) ५०० मावतात. आठ तास हात लावला नाही की हिस्ट्री रिकामी, म्हणून घरी जायच्या आधी हिस्ट्री डाउनलोड करून ठेवायची, रिव्ह्यूच्या परिशिष्टात तीच लागते. लॉगिनसाठी आता त्यांचा स्वतःचा पासवर्ड नाही, गुगल, ऑर्किड (संशोधकांचा ओळख क्रमांक), संस्थेचं असं बाहेरचं खातं वापरावं लागतं. इंटर्न आणि पीजींना माझं एकच सांगणं असतं, फक्त कॉलेजच्या ईमेलवर खातं करू नका, कॉलेज सुटलं की ते ईमेल जातं आणि सेव्ह केलेले सर्च, अलर्ट सगळं त्याच्याबरोबर. दुसरं लॉगिन जोडता येतं, पहिल्याच दिवशी जोडा.

मला विचाराल तर एकच बदल पाहिजे. निकालांच्या पानावर, सर्चच्या चौकटीखाली, एक ओळ: तुमचा प्रश्न आम्ही असा वाचला. बंद ठेवायची सोय द्या, डिफॉल्टला मिटलेली ठेवा, घाईवाल्यांचं काही बिघडत नाही. बाणावर क्लिक करायला अ‍ॅडव्हान्स्डपर्यंत जावं लागू नये, एवढंच. फीडबॅकचं बटण पानाच्या कोपऱ्यात आहे, मी लिहून टाकलंय, तुमच्यापैकी जे कुणी रिव्ह्यूचं सर्चिंग करत असाल त्यांनीही लिहा.