अर्धशिशीवर ॲक्युपंक्चर आणि चिनी काढा: सुया चालतील, बिननावाच्या पुड्या नकोत

काढ्याच्या पुडीत काय काय आहे, एवढंच मी माझ्या ॲक्युपंक्चर क्लिनिकमध्ये विचारलं होतं. "आमचा खास फॉर्म्युला आहे, तो आम्ही सांगत नाही," असं उत्तर आलं. तो राग अजून उतरलेला नाही, तेव्हा खालच्या मजकुरात थोडा कडूपणा आला तर चालवून घ्या. अर्धशिशीसाठी काही महिने सुया आणि चिनी वनौषधी दोन्ही घेतल्या. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हे वाचावं आणि मग पैसे भरावेत.

सुयांना घाबरू नका. इंजेक्शनची सुई पोकळ असते. ही भरीव आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाड. प्लास्टिकच्या बारीक नळीत धरून वरून टिचकी मारतात, बऱ्याचदा टोचल्याचं कळतही नाही. कळतं ते नंतर, सुई जरा फिरवल्यावर. आत जडपणा येतो, ठणकतं किंवा झिणझिण्या येतात. याला 'द छी' म्हणतात आणि "आलं का?" असं विचारतात ते याचंच. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या 'हगू' बिंदूवर माझा हात पार कोपरापर्यंत ओढल्यासारखा होतो. हा बिंदू गरोदरपणात सहसा टाळतात, तेव्हा तसं असेल तर विचारायची वाट न बघता सांगून टाका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडू देऊ नका. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा, त्या एकदाच वापरायच्या असतात. छाती-खांद्याच्या भागात सुई खोल गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडू शकतं. असं क्वचित होतं, पण होतं, म्हणून रीतसर शिकलेला माणूसच गाठा. उपाशीपोटी गेलं तर चक्कर येते. आणि जीभ बघून निदान करतात, त्यामुळे जाण्याआधी ती घासू नका आणि कॉफीही पिऊ नका.

आता माझी मुख्य तक्रार. घंटी नाही! सुया लावल्या की वीसेक मिनिटं तसंच पडून राहायचं असतं. दिवा मंद होतो, बासरी सुरू होते, दार लोटलं जातं आणि त्याच क्षणी नाकाला खाज सुटते. दोन्ही हातांत सुया. हात हलवला की हगूवाली सुई आतून कळ मारते. नाक वाकडंतिकडं करून, ओठ वर ओढून, फुंकर मारून सगळं बघितलं. हाक मारावी तर बासरीपुढे कोण ऐकतंय? चक्कर आली, सुई दुखायला लागली तर पेशंटने बोलवायचं कसं? कितीदा सांगितलं, दर वेळी "हो हो, ठेवू" एवढंच. आता पडद्याआड जाण्याआधी मीच विचारते, "तुम्ही कुठे असाल?"

गुणाचं म्हणाल तर पहिले काही आठवडे मला हे सगळं थोतांड वाटत होतं. डोकेदुखीच्या नोंदी ठेवत होते, त्यात ढिम्म फरक नव्हता. नंतर मात्र झटक्यांमधलं अंतर वाढत गेलं आणि मत बदलावं लागलं. मग जर्मनीतली एक मोठी चाचणी वाचली आणि मत पुन्हा अर्धं बदललं. ती जुनाट कंबरदुखीवरची, 2007 साली प्रसिद्ध झालेली, 1162 रुग्णांची. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना फायदा झाला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि औषधं-व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी 27.4 टक्क्यांना. म्हणजे सुया कुठे टोचायच्या त्या बिंदूंचा भिंतीवरचा नकाशा फारसा महत्त्वाचा नाही, पण पडून सुया टोचून घेण्यात काहीतरी आहे. मला आराम पडतोय, मी नकाशाशी भांडत नाही. पॅकेजशी भांडते. कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2012 मध्ये अर्धशिशीसाठी, तेही गोळ्या लागू पडत नसतील तर, पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा सिटिंग सुचवली होती. त्याहून मोठ्या पॅकेजचे पैसे आगाऊ कशाला भरायचे?

काढ्याची कथा निराळी. पुडी अर्धा तास भिजवा, उकळा, गाळा, तोच चोथा पुन्हा उकळा, दोन्ही पाणी एकत्र करून दिवसातून दोनदा घ्या. लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. वास पडद्यांत मुरतो. चवीबद्दल न बोललेलं बरं. हे सगळं मी निमूट केलं असतं. पण मी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेते, आणि माझ्या डॉक्टरांनी विचारलं, "काढ्यात काय आहे?" पुडीवर नाव नाही, वजन नाही, तारीख नाही. बरीच हुज्जत घातल्यावर कागदावर यादी मिळाली. त्यात 'गान त्साओ' निघालं, म्हणजे ज्येष्ठमधाचा चिनी भाऊ. असंख्य चिनी काढ्यांत ते असतं. ते बराच काळ घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. माझी गोळीही पोटॅशियम उतरवते. तपासणीत पोटॅशियम अगदी खालच्या काठावर आलं. काढा त्याच दिवशी बंद.

"वनस्पतीच तर आहे" हे मला कोणी सांगू नये. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत 'फांग जी'ऐवजी 'ग्वांग फांग जी' ही भलतीच वनस्पती गेली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडने शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. 'दान शेन' आणि 'दांग ग्वे' या वनौषधी वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळीचा परिणाम वाढवतात. 'ह शौ वू' यकृताला भोवल्याची उदाहरणं आहेत. ही नावं कागदावर नसतील तर तुमच्या डॉक्टरांनी ओळखायचं कशावरून? लॅटिन नावं आणि प्रमाण छापलेले ग्रॅन्युल्सचे डबे मिळतात. घ्यायचंच असेल तर तसले घ्या, आणि सुरुवातीला व मध्ये यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या.

माझ्या सुया चालू आहेत. उरलेल्या पुड्या परत केल्या. त्यांचे पैसे पुढच्या सिटिंगमध्ये वळते करू म्हणतात. लेखी द्या म्हटलंय, अजून दिलेलं नाही.